घर्षण वेगळं, झीज वेगळी
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या कामाविषयी बोल. पण मराठीत बोल आणि जेवणाआधी संपव." सॉफ्टवेअरविषयी बोलायला लागले तर जेवणाची रांग आत्ताच लागेल, म्हणून मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवते. ज्या यंत्रांसाठी मी प्रोग्रॅम लिहिते त्यांच्याविषयी बोलते. ही यंत्रं घर्षण आणि झीज मोजतात. आणि त्या निमित्तानं ग्राफीन नावाच्या पदार्थाविषयी बोलते, कारण गेल्या दिवाळीपासून आपल्याच वर्गातल्या एका कारखानदार मित्राचे मला यासंबंधी फोन येताहेत. त्याचं नाव सांगणार नाही असं कबूल केलंय. तरी तुम्ही सगळे मागे वळून बघताय, त्याला माझा इलाज नाही.

हा मित्र पंपांची मेकॅनिकल सील बनवतो आणि दुरुस्तही करतो. ज्यांची शेती आहे त्यांना सील सांगायला नको. मोटरचा दांडा पंपात जिथं शिरतो तिथून पाणी बाहेर येऊ नये म्हणून दोन गुळगुळीत रिंगा एकमेकींवर टेकवलेल्या असतात. एक दांड्याबरोबर फिरते, एक जागेवर बसते, मागून स्प्रिंग दाबते. स्वस्तातल्या सीलमध्ये एक रिंग काळी, कार्बनची, आणि दुसरी पांढरी, सिरॅमिकची असते. दोघींच्या मध्ये पाण्याचा पातळ पदर राहतो, तोच वंगण. रात्री लाइट आली, ऑटो स्विचनं मोटर आपोआप चालू झाली आणि नदीचं पाणी उतरलेलं असलं, किंवा फूट व्हॉल्व्ह गळून पाइप रिकामा झालेला असला, तर तो पदर नाहीसा होतो. रिंगा कोरड्या घासतात, तापतात आणि तापलेल्या रिंगेवर पाणी आलं की पांढरी रिंग तडकते. सील स्वस्त असतं. पण पंप उतरवणं, मिस्त्री मिळणं आणि तोवर हुकलेली पाण्याची पाळी यांचा हिशेब उसाला विचारावा.

तर या मित्राकडे एक विक्रेता आला. त्याच्याकडे करड्या-काळ्या रंगाच्या रिंगा होत्या. "ग्राफीनयुक्त अ‍ॅल्युमिना सिरॅमिक. घर्षण जवळजवळ शून्य. कोरडी चालली तरी काही होणार नाही." किंमत साध्या रिंगेच्या कितीतरी पट, आणि मोठ्या ऑर्डरला निम्मे पैसे आगाऊ. मित्रानं मला विचारलं, "हे खरं असतं का गं?"

याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, म्हणून हे भाषण.

आधी घर्षण आणि झीज या दोन गोष्टी वेगळ्या करू. आपल्या प्रयोगशाळेत सरांनी लाकडी ठोकळा ताणकाट्याला अडकवून टेबलावरून ओढून दाखवला होता. ओढायला लागणारं बल भागिले ठोकळ्याचा भार, हा घर्षण गुणांक. मी ज्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिते तीही तेवढंच करतात. एक चकती फिरत असते, तिच्यावर एक गोळी ठरावीक भारानं दाबलेली असते, आणि गोळी किती बळानं फरफटली जाते ते सेन्सर सेकंदाला कित्येक वेळा लिहून ठेवतो. तो झाला घर्षणाचा आलेख. चाचणी संपल्यावर चकती काढायची, तिच्यावर पडलेल्या चरीची खोली-रुंदी मोजायची आणि किती पदार्थ गेला ते काढायचं. ती झाली झीज. संगणकात हे दोन वेगळे रकाने असतात आणि ते एकमेकांच्या मागून चालतीलच असं नाही. बाजारातली जाहिरात मात्र दोन्ही एका वाक्यात कोंबते.

घर्षण जास्त आणि झीज कमी, असं होऊ शकतं. मोटारीचा ब्रेक नेमका तसाच हवा असतो. घर्षण कमी आणि झीज भरपूर, असंही होतं. पेन्सिल कागदावर सहज सरकते आणि सरकता सरकता संपते.

पेन्सिलीवर थोडं थांबते, कारण आजच्या विषयाचं बरंचसं तिच्यात आहे. पेन्सिलीतलं काळं 'शिसं' हे शिसं नसतंच. ते ग्राफाइट आणि चिकणमाती एकत्र मळून भट्टीत भाजलेलं असतं. फ्रान्समध्ये काँते यानं १७९५ मध्ये ही पद्धत काढली. भाजलेली माती म्हणजे सिरॅमिक. म्हणजे आपण पहिलीपासून कंपासपेटीत जी वस्तू बाळगली ती सिरॅमिकमध्ये कार्बन घालून केलेलीच होती. माती जास्त तर एच, कडक आणि फिकट. ग्राफाइट जास्त तर बी, मऊ आणि काळी. चित्रकलेच्या बाई सहा-बी आणायला सांगायच्या तेव्हा ती किती लवकर झिजायची ते आठवा. कार्बन वाढवला की वस्तू जास्त टिकते, असा नियम नाही.

ग्राफाइट हे कार्बनच्या अणूंच्या पातळ पत्र्यांची थप्पी असते. प्रत्येक पत्रा एका अणूच्या जाडीचा, अणू मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षटकोनांत बसलेले. एका पत्र्यातले अणू एकमेकांना फार घट्ट धरतात, पण एक पत्रा दुसऱ्याला अगदी सैल चिकटलेला असतो. एक मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लाख पत्रे. त्यातला एक सुटा पत्रा म्हणजे ग्राफीन. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी साध्या चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पदर सोलत सोलत तो वेगळा केला. २००४ मध्ये तो शोधनिबंध आला आणि २०१० मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बाजारात 'ग्राफीन' म्हणून जी पूड मिळते ती मात्र बहुतेक वेळा एका पदराची नसते. अनेक पदरांच्या बारीक चकत्या असतात. यात फसवणूक आहे असं नाही. सिरॅमिकच्या कामासाठी संशोधकही बहुधा त्याच वापरतात. उलट २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं दाखवलं की अगदी टोकदार सुईनं घासलं तर एका पदरावर घर्षण जास्त होतं आणि पदर वाढवत गेलं तर ते कमी होतं. एकच पदर असला की तो सुईच्या पुढं सतरंजीसारखा गोळा होतो.

थरांचे पदार्थ वंगण म्हणून चालतात हे आपल्याला न शिकवता माहीत होतं. मधल्या सुट्टीत कॅरम बोर्डावर जी पावडर टाकायचो ती बोरिक अ‍ॅसिडची. तेही थराथरांचं असतं. अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अली एर्देमिर यांनी त्याच बोरिक अ‍ॅसिडचा वंगण म्हणून कित्येक वर्षं अभ्यास केला. दप्तराची चेन अडकली की तिच्यावर पेन्सिल घासायची, कुलपात पेन्सिलीची पूड टाकायची, हेही त्यातलंच.

फक्त एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ग्राफाइटला वंगण व्हायला हवेतली वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच जाऊ लागली तेव्हा त्यांच्या जनित्रांमधले कार्बनचे ब्रश भराभर झिजून त्यांची धूळ व्हायला लागली. उंचावर हवा विरळ आणि कोरडी. पुढं १९४८ मध्ये सॅव्हेज नावाच्या संशोधकानं प्रयोगांनी दाखवलं की पाण्याच्या वाफेचा पातळ थर मिळाला तरच ग्राफाइट नीट सरकतं, निर्वातात ते स्वतःच झिजून जातं. म्हणजे कोणतंही वंगण 'चांगलं' म्हणताना कुठं, कशात आणि कशावर हे विचारायलाच हवं.

आता सिरॅमिककडे येते. पांढरी रिंग अ‍ॅल्युमिनाची असते. रासायनिकदृष्ट्या माणिक आणि नीलम हेच. कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल गणलं जाणारं. मग ते झिजतं कसं? जात्याला टाकी लावणारा पाथरवट आठवतो का? तो दगड घासून काढत नव्हता, टाकीनं टिचक्या उडवायचा. सिरॅमिकची झीज बरीचशी तशी असते. ते बारीक बारीक कणांचं बनलेलं असतं. भार वाढला की कणांच्या सांध्यांत सूक्ष्म चिरा जातात, एखादा कण उखडून बाहेर पडतो, आणि तोच कण दोन पृष्ठभागांच्या मध्ये सापडून पॉलिश पेपरचं काम करतो. त्यानं आणखी कण उखडतात. कठीणपणा भरपूर, पण चिवटपणा नाही. चिरेला दाद न देण्याची जी ताकद मोजतात ती अ‍ॅल्युमिनात पोलादाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत असते.

इथं ग्राफीनला दोन कामं करता येतात, आणि जाहिरातीत त्यांचाच घोटाळा होतो.

पहिलं काम आतलं. सिरॅमिकच्या कणांच्या मध्ये ग्राफीनचे पदर बसले की चीर सरळ पुढं जाऊ शकत नाही. तिला पदराला वळसा घालावा लागतो किंवा तो ओढून काढावा लागतो. २०११ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एरिका कोरल आणि आपल्या मुंबई आयआयटीत शिकलेले निखिल कोरटकर यांच्या गटांनी सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकमध्ये, आकारमानानं फक्त १.५ टक्के ग्राफीन घातलं. चिवटपणाचा आकडा २.८ वरून ६.६ वर गेला, दुपटीहून जास्त. कण सहज उखडत नाहीत म्हटल्यावर झीजही कमी व्हायला हवी. आणि ती होते. २०१४ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी अ‍ॅल्युमिनात अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी ग्राफीन घालून झीज दहापटीच्या घरात कमी झाल्याचं छापलं. स्पेनमधल्या एका गटानं वजनानं ०.२२ टक्के घातलं. त्यांची झीज निम्म्यावर आली, घर्षण मात्र फक्त १० टक्क्यांनी घटलं. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. झीज निम्मी, घर्षण जवळपास होतं तिथंच.

दुसरं काम बाहेरचं. घासता घासता ग्राफीनचे पदर सुटावेत, पृष्ठभागावर पसरावेत आणि तिथं त्यांचा सरकता थर बसावा. पेन्सिल कागदावर करते तेच. माद्रिदच्या सिरॅमिक आणि काच संस्थेत मानुएल बेलमोंते यांच्या गटानं २०१३ मध्ये सिलिकॉन नायट्राइडमध्ये वजनानं ३ टक्के ग्राफीनच्या चकत्या घातल्या आणि तो तुकडा आयसोऑक्टेनमध्ये घासला. आयसोऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा नमुनेदार भाऊ समजा. तिथं खरोखर चकत्यांचे पदर सुटून संरक्षक थर बसला. कमी भारावर घर्षण उतरलं, जास्त भारावर झीज ५६ टक्क्यांपर्यंत घटली.

आता त्याच वर्षीचं दुसरं काम. स्लोव्हाकियातल्या कोशित्से आणि हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांनीही सिलिकॉन नायट्राइडच घेतलं, १ आणि ३ टक्के ग्राफीन घातलं, पण कोरडं घासलं. सामान्य तापमानाला ३ टक्केवाल्या तुकड्याची झीज कमी झाली. घर्षण मात्र जागचं हललं नाही. त्यांचं म्हणणं असं की ग्राफीन सिरॅमिकमध्ये इतकं घट्ट रुतून बसलं होतं की ते वंगणाच्या कामाला बाहेर आलंच नाही. आणि ७०० अंश सेल्सिअसला नेल्यावर ग्राफीन असलेले आणि नसलेले तुकडे जवळजवळ सारखेच झिजले.

मला या सगळ्या विषयात हा निबंध सर्वांत आवडतो. चिवटपणासाठी ग्राफीननं घट्ट धरून राहायला हवं. वंगणासाठी सुटायला हवं. एकाच पदराकडून दोन उलटी कामं मागायची आहेत आणि कुठलं होईल हे भार, पातळ पदार्थ, तापमान आणि तुम्ही ते मिसळलं कसं यावर ठरतं. त्यामुळे 'ग्राफीन घातलं की घर्षण कमी होतं' हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे.

मिसळण्यावरही दोन शब्द, कारण इथंच बहुतेकांचं बिनसतं. ग्राफीनच्या चकत्यांना एकमेकींना चिकटायला फार आवडतं. घाईनं बेसन टाकलं की पिठल्यात जशा गुठळ्या होतात, तशा इथं होतात. आणि भाजलेल्या सिरॅमिकमधली गुठळी म्हणजे आयती फट. म्हणून अल्कोहोलसारख्या द्रवात, अल्ट्रासोनिक लहरींनी, तासन् तास मोकळं करत बसावं लागतं. प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की गुठळ्या वाढतात आणि झीज कमी होण्याऐवजी वाढायला लागते. पुन्हा सहा-बी.

नंतर भट्टी. अ‍ॅल्युमिना साध्या हवेच्या भट्टीत १५०० ते १६०० अंशांना भाजतात. ग्राफीन म्हणजे शेवटी कार्बन. हवेत सहाशे अंशांच्या आसपास ते जळायला लागतं. म्हणजे साध्या भट्टीतून बाहेर येईल ती पुन्हा पांढरी रिंगच, ग्राफीन धुरांड्यातून गेलेलं. त्यासाठी निर्वात किंवा आरगॉन वायूची भट्टी लागते. संशोधक बहुधा स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग वापरतात. पूड ग्राफाइटच्या साच्यात दाबून धरायची, तिच्यातून आणि साच्यातून विजेचे झटके सोडायचे आणि काही मिनिटांत काम उरकायचं. एका वेळी एक-दोन चकत्या निघतात. मित्राला मी पहिला प्रश्न विचारायला सांगितला तो हाच, "भट्टी कुठली?" विक्रेत्याचं उत्तर आलं, "माल बाहेरून येतो."

आणि ते 'जवळजवळ शून्य घर्षण' कुठून आलं? ते खरं आहे. २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आरगॉन प्रयोगशाळेचाच निबंध आला. त्यात मघाचे एर्देमिर होते, डायना बर्मन होत्या आणि गटाचे प्रमुख होते पुणे विद्यापीठातून पीएच.डी. केलेले अनिरुद्ध सुमंत. त्यांनी ग्राफीनच्या तुकड्यांबरोबर अतिसूक्ष्म हिऱ्याचे कण ठेवले आणि वर हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप दिलेली गोळी घासली. ग्राफीन हिऱ्याच्या कणांभोवती सुरळीच्या वडीसारखं गुंडाळलं गेलं आणि त्या सुरळ्यांवर गोळी सरकली. घर्षण गुणांक ०.००४. डोळ्यांवर विश्वास बसू नये असा आकडा. पण ते कोरड्या नायट्रोजनमध्ये. दमट हवेत सुरळ्या होत नाहीत आणि घर्षण परत वर जातं. आणि आपल्या मित्राची रिंग बसणार आहे पंचगंगेच्या पाण्यात! ते काम उत्तमच आहे. फक्त त्याचा आणि या रिंगेचा संबंध नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. १९८७ मध्ये तोमिझावा आणि फिशर यांनी सिलिकॉन नायट्राइडवर सिलिकॉन नायट्राइड पाण्यात घासलं. ते सुरुवातीला थोडं झिजून इतकं गुळगुळीत झालं की घर्षण गुणांक ०.००२ च्याही खाली गेला. त्यात ग्राफीन नव्हतं, तेल नव्हतं. नुसतं पाणी.

असो. रिंग मित्राच्या टेबलावर होती. ती तपासायची कशी? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आमच्या दोघांकडेही नाही. पण सर, तुम्ही शिकवलेला आर्किमिडीज होता, आणि आपल्या वर्गात हुपरीचा एक चांदीवाला आहे, त्याच्याकडे नाजूक काटा होता. जुनी पांढरी रिंग आणि नवी काळी रिंग, दोन्ही एकाच मापाच्या. पांढरी हवेत २३.४ ग्रॅम भरली, दोऱ्यानं पाण्यात लटकवून १७.४. सहा ग्रॅम कमी, म्हणजे घनता ३.९. अ‍ॅल्युमिनाची घनता तेवढीच असते. काळी हवेत १८.६, पाण्यात १२.६. कमी झाले तेही सहाच ग्रॅम, पण घनता ३.१. वजनानं एखादा टक्का ग्राफीन घातलं तरी अ‍ॅल्युमिना ३.९ वरून ३.१ वर येत नाही. आत भोकं असतील तर येईल, म्हणून चांदीवाल्यानं (शंकेखोर माणूस) रिंग दोन तास पाण्यात उकळली, पुसली आणि परत तोलली. भोकं असती तर पाणी प्यायली असती. परत १८.६.

घनता ३.१, रंग काळा, सच्छिद्र नाही. पंपाच्या धंद्यात हे वर्णन एका पदार्थाला चपखल बसतं, सिलिकॉन कार्बाइड. तो आधीपासून सीलसाठी सर्रास वापरतात आणि तो वाईट अजिबात नाही. अ‍ॅल्युमिनापेक्षा कठीण, उष्णता तीन-चार पट चांगली वाहून नेतो, त्यामुळे तापून पाणी पडल्यावर तडकण्याची भीतीही कमी. मित्राला खरं तर तोच हवा होता. फक्त तो सिलिकॉन कार्बाइडच्या भावानं घ्यायचा. विक्रेत्यानं मुद्दाम फसवलं की त्यालाच कुणीतरी तसं सांगून विकलं, ते मी सांगू शकत नाही. आगाऊ पैसे गेले नाहीत एवढं खरं.

मित्राचा पुढचा प्रश्न रास्त होता. "मग मी खरी ग्राफीनची रिंग शोधू का?" माझं मत, निदान आज तरी, नाही. त्याच्या सीलमध्ये समोरची रिंग कार्बनची आहेच. चालू असताना तिचं ग्राफाइट थोडं थोडं सुटून समोरच्या रिंगेवर बसतं. जुनी पांढरी रिंग काढून बघा, तिच्यावर करडं वर्तुळ दिसतं, पुसून जात नाही. ग्राफीननं बाहेरचं जे काम करायचं ते ग्राफीनचा आजा तिथं आधीपासून फुकटात करतोय. पाणी असताना प्रश्न नाही आणि पाणी नसताना खरा उपाय पाणी नसल्यावर मोटर बंद करणारं यंत्र बसवणं हा आहे. हे म्हणायला सॉफ्टवेअर इंजिनिअरची गरज नाही, पण तो ऐकतो माझंच.

याचा अर्थ ग्राफीन आणि सिरॅमिक ही जोडी कागदावरच राहील असं मला वाटत नाही. जिथं सिरॅमिकवर सिरॅमिकच घासतं, तेल चालत नाही आणि तुकडा लहान पण महागडा असतो, तिथं अर्ध्या टक्क्यात झीज निम्मी होणं ही मोठी गोष्ट आहे. पेट्रोल इंजिनातल्या इंधन पंपाचे भाग, धातू कापायची सिरॅमिक टुल्स. आणखी एक फायदा आपल्याकडच्या टूलरूमवाल्यांना लगेच कळेल. ग्राफीन पुरेसं असेल तर सिरॅमिकमधून वीज वाहते, मग ते ईडीएमवर कापता येतं. एरवी हिऱ्याच्या चाकाशिवाय त्याला हात लावता येत नाही. पण हाच गुण दुसरीकडे अडचण होतो. विजेच्या गाड्यांच्या मोटरींत सिरॅमिकच्या गोळ्यांची बेअरिंग बसवतात ती मुख्यतः वीज अडवण्यासाठी. वीज बेअरिंगमधून गेली की तिच्या पोलादी मार्गावर बारीक खड्डे पडतात. तिथं वीज वाहून नेणारी गोळी बसवून कसं चालेल?

आणि हे सगळं कशासाठी, असं कुणी विचारेल. होल्मबर्ग आणि एर्देमिर यांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला. जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २३ टक्के ऊर्जा एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांपायी जाते. २० टक्के घर्षणावर मात करायला आणि ३ टक्के झिजलेले भाग पुन्हा बनवायला. त्यातला ३ चा आकडा लहान दिसतो, पण उभ्या उसात बंद पडलेला पंप त्यात धरलेला नाही.

भोजनाच्या दालनाबाहेर टेबलावर मी तिन्ही रिंगा ठेवल्या आहेत, जुनी पांढरी, जुनी कार्बनची आणि ती काळी. शेजारी हुपरीकरांचा काटा आणि पाण्याचा ग्लास आहे, ज्यांना तोलून बघायचंय त्यांनी बघा. कार्बनच्या रिंगेला हात लावलात तर जेवणाआधी धुवा, काळे होतात.